मंगळवार कुणाचा

ग्लासगो, ४ मार्च १९५५

ती. टिबी आजीस एल्स्पेथचा सा. न. वि. वि.

संग्रहालयातल्या नोकरीला तीन आठवडे झाले. साठ वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे आणि फोटोंखालच्या चिठ्ठ्या मी लिहिते. सोबत तुझ्या गल्लीतल्या एका फोटोची प्रत आहे. मागच्या अंगणात हडकुळी बाई, अनवाणी, मूठ छातीशी, डोळे वर. मॅकअस्किलसाहेब म्हणतात, भुकेली विधवा देवाची करुणा भाकतेय. मला तर बघून रडूच आलं. ओळखीची वाटते का?

लोभ तुझ्या हातच्या स्कोनच्या, त्या गोड पावांच्या रूपाने पोस्टाने आला तरी चालेल.

तुझी एल्स्पेथ

रॉथसे, ७ मार्च

चि. एल्स्पेथ हिस अनेक आशीर्वाद.

डोळे पूस. ती तुझी सख्खी पणजी आहे. विधवा कसली? मागे दारात माझे वडील आहेत. स्वस्थ उभं राहणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून धुरकट आलेत. अनवाणी, कारण ती धुण्याच्या टबात ब्लँकेटं तुडवत होती. बूट घालून तुडवायची की काय? डोळे देवाकडे नाहीत, तिसऱ्या मजल्यावर आहेत. तिथून गेडिसबाई बोंबलत होती. मुठीत धुण्याच्या खोलीची किल्ली आहे. अख्ख्या जिन्याला खोली एक, म्हणून प्रत्येक घराला एक वार. गेडिसबाई म्हणे, मंगळवार तिचा. तो आमचा होता.

चेष्टा पुरे. आईनं जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. तिला भिकारीण करून भिंतीवर टांगलंत तर मला फार लागेल. साहेबाला सांग.

स्कोन पाठवलेत. त्यातला एकही त्याला देऊ नकोस.

टिबी आजी

ग्लासगो, २१ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, आणि कालच्या पोरीनं शहाणपण शिकवू नये. मग मी गुपचूप छापखान्यात जाऊन मजकूर बदलला: ‘युफेमिया बेर्ड, ब्लँकेटं तुडवताना, धुण्याच्या खोलीच्या किल्लीसह. मंगळवार.’

साहेबांनी ती चिठ्ठी शनिवारी, उद्घाटनाला, सगळ्यांदेखत वाचली. कान लालबुंद. मला आत बोलावणार, तेवढ्यात एक पंचाहत्तरीचा म्हातारा काठी आपटत ओरडायला लागला, की मंगळवार आमचा होता, या बाईनं माझ्या आईची किल्ली दाबून ठेवली. गेडिसबाईंचा धाकटा मुलगा. साहेबांचा पुरावा पायांनी चालत आला. मला काढायचं राहिलंच. उरलेले बारा फोटोही तुला दाखवायचेत म्हणे.

लोभ वाढवावा, गुडघे सांभाळावेत.

तुझी एल्स्पेथ

रॉथसे, २४ मार्च

चि. एल्स्पेथ हिस अनेक आशीर्वाद.

तुझी नोकरी वाचली, आईची अब्रूही वाचली. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पुढचं कुणाला वाचून दाखवू नकोस. म्हातारा खरं बोलला. सोमवार आमचा, मंगळवार त्यांचा. सोमवारी माझ्या धाकट्या भावाला, सँडीला गोवर निघाला आणि ब्लँकेटं राहिली. गेडिसबाईकडे एक दिवस मागितला असता तर तिनं दिलाही असता, बाई वाईट नव्हती. पण मागणं आईला जमायचंच नाही, म्हणून किल्ली दाबून बसली. मला त्याची लाज वाटते आणि तिचा अभिमानही वाटतो.

चिठ्ठी राहू दे. म्हाताऱ्याला मात्र चहाला बोलाव आणि आईच्या वतीनं त्याची माफी माग. मीच मागितली असती, पण मी तिचीच मुलगी.

लोभ आहे, तो असाच वाढत राहो.

टिबी आजी