सातेरीच्या पेट्या

कासा, १० जानेवारी २०२५

चि. सुनिल यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. पाड्यावर रेंज नाही, म्हणून लिहिते. तू सांगितलंस तसंच चाललंय. चित्र रेघेच्या वर असेल त्या कागदापाशी साखरपाणी, खाली असेल तिथे साधं पाणी. सातेरी मधमाश्या शिकल्या रे! काल चांदणीच्या चित्राजागी झाडाच्या पानाचं नवंच चित्र चिकटवलं, साखर कुठेच ठेवली नाही. तरी रेघेच्या वरच्या चित्रावरच बसल्या. तुला भूमिती शिकवताना माझा जीव गेला होता.

एक काळजी आहे. शेजारचे बाबल्याकाका मिरचीवर औषध मारणार आहेत. पेट्या लांब हलव, असं स्वतः येऊन सांगून गेले. टेम्पो बघून ठेवलाय. हलवू ना? लगेच कळव.

तुझी ताई, जयवंती

पुणे, १४ जानेवारी

ती. ताईस सुनिलचा नमस्कार.

पत्र वाचून प्रयोगशाळेत नाचायचाच बाकी होतो. नव्या चित्रावरही जातात, म्हणजे त्या चित्र पाठ करत नाहीत. ‘वर’ म्हणजे काय, हेच त्यांना समजलंय.

पण आता पेट्या हलवल्या तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि सरांना महिनाअखेर निकाल हवाय. काकांना थोडं थांबायला सांग. नाहीच जमलं तर त्या दिवशी पेट्यांची दारं लाव, ओलं गोणपाट टाक. माझ्यासाठी एवढं कर. भाऊजींना नमस्कार. माया असू दे.

तुझा सुनिल

कासा, २५ जानेवारी

चि. सुनिल यास आशीर्वाद.

पेट्या हलवल्या नाहीत. काका थांबले, पण कीड वाढत गेली, मग त्यांना औषध मारावंच लागलं. मी दारं लावली, गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडली, तर कोंडलेल्या माश्या थेट मिरचीच्या फुलांवर गेल्या.

दुपारी अंगणभर पडून थरथरत होत्या. दोघीतिघी कागदापर्यंत पोचल्या. वरच्या चित्रावर बसल्या आणि तिथूनच खाली पडल्या. साखरपाणी होतं, प्यायल्या नाहीत. निकालात हे लिहायचं की नाही, तुझं तू बघ.

काका येऊन ओट्यावर बसले. मी त्यांना म्हटलं, तुमची चूक नाही, तुम्ही सांगितलं होतं. एकच पेटी जगलीय, ती ह्यांनी डोंगराकडे नेली.

मी रागावले नाही, असं लिहिणार नाही. रागावले आहे. तू ये. समोर आल्यावर बोलेन की नाही, माहीत नाही. जेवायला मात्र घरीच ये.

जयवंती