आण्णा पळाले त्याची हकीकत

कळंबा, कोल्हापूर

तीर्थरूप गणपतकाकांस,

राजवर्धनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय पुण्याला असल्यामुळे डोकं तूर्त टेबलावर ठेवलंय.) तब्येत कशी आहे? बीपीची गोळी घेता, की अजून चहाच्या नादात विसरता? आम्ही इकडे आहोत. बरे आहोत असं लिहायचा रिवाज आहे, पण हात धजत नाही. आण्णांच्या बाराव्याच्या फ्लेक्सवर तुमचा, म्हणजे सख्ख्या भावाचा, फोटो नगरसेवकाच्या खाली आणि सुपारीएवढा आला, तेव्हापासून तुम्ही घरातल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेत. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

परवा आण्णांचं वर्षश्राद्ध झालं. तुमची वाट पाहिली. वर्षभरात आईनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, आण्णांना एकदा चालताना बघायचं. फोटो नको म्हणाली, फोटोत सगळेच सारखे उभे राहतात. वडिलांचा चालतानाचा एकच व्हिडिओ माझ्याकडं होता, जोतिबाच्या पायऱ्या चढतानाचा, त्यांच्याच मोबाईलवर कुणीतरी काढलेला. (तो मोबाईल नंतर हौदात पडला, पण फाईल मी आधीच कॉम्प्युटरवर घेतली होती.) आईला दाखवायचंच, तर सगळ्या भावकीलाही दाखवू, म्हणून मी सोप्यासमोरच्या अंगणात मोठा एलईडी पडदा लावायचं ठरवलं. दुर्बुद्धी दुसरं काय.

पडदेवाल्या अमरसिंहनं फोनवर एवढंच विचारलं, व्हिडिओची रुंदी-उंची किती आणि एका सेकंदाला फ्रेम किती. (व्हिडिओ म्हणजे भराभर उलटलेले फोटो. सेकंदाला किती उलटायचे, तो फ्रेम रेट.) दुसऱ्या कुणी फाईलवर क्लिक करून सांगितलं असतं. मी पडलो शाहूपुरीत कोडिंगचा क्लास केलेला माणूस, मी कोड लिहिला. उत्तर आलं, रुंदी शून्य, उंची शून्य, फ्रेम रेट शून्य. मी फाईलचं नाव चुकवलं होतं. फाईल सापडली नाही असं सांगायचं सोडून कोड गुमान शून्यं मोजत बसला. सहा फुटी आण्णांची उंची शून्य वाचली आणि कॉम्प्युटर बंद करून अंगणात जाऊन बसलो. स्मशानातून परत आल्यावरही तिथंच बसलो होतो.

नाव दुरुस्त केलं, तर आण्णा आडवे. मोबाईल उभा धरून काढलेला व्हिडिओ फाईलमध्ये आडवाच असतो म्हणे, आणि दाखवताना उभा करा अशी सूचना सोबत असते. माझ्या कोडनं ती वाचलीच नाही. आई चहा घेऊन मागं कधी आली कळलं नाही. कॉम्प्युटरकडं बघून तिनं चहा खाली ठेवला आणि ती म्हणाली, "त्यास्नी आदी उठीव."

उठवलं. एकेक फ्रेम फिरवली, नवी फाईल बनवली. फ्रेम रेट कोडला विचारला, तो तीस म्हणाला, मी डोळे झाकून तीस घातला. वर शहाणपणा असा, की जागा वाचावी म्हणून जुनी फाईल पुसून टाकली.

श्राद्धाला कावळा लगेच शिवला, पंगत बसली, पडदा लागला आणि आण्णा पायऱ्यांवरून सुसाट पळत सुटले. डावा पाय ओढणारा, दर चार पायऱ्यांनी कमरेवर हात ठेवून थांबणारा माणूस मधमाश्या मागं लागल्यासारखा देवळात शिरला. पंगतीत हसू फुटलं. आकाराममामांच्या तर नाकातून खीर आली. (त्यांना दोष देत नाही, मीही हसलो असतो, बाप माझा नसता तर.) आई तेवढी हसली नाही. "ह्यो कोण पळतोय? आमचं मालक कवा पळालं न्हाईत," असं म्हणून ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागाहून कळलं. सावलीत मोबाईल कमी फ्रेम घेतो, आणि कुठली फ्रेम कधी दाखवायची ती वेळ फाईलमध्ये असते. मी विचारलं, तेव्हा कोडनं फाईलच्या कपाळावरचा आकडा वाचून दाखवला. आतल्या फ्रेम निम्म्याच होत्या, त्या तिसाच्या वेगानं उलटल्या म्हणून आण्णा पळाले, आणि त्यांच्या मूळ वेळा मी माझ्या हातानं घालवल्या. आता वेग निम्मा केला, तर आण्णा कुठं तरंगतात, कुठं धक्के खातात. आईनं तेही पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

असो. काकूंना नमस्कार, आणि तुमचा राग आता लहान झाला असेल, तर त्याला आशीर्वाद.

तुमचा,
राजवर्धन

ता. क. जोतिबाला त्या दिवशी तुम्हीही होता. तुमच्या मोबाईलात आण्णा चालत असतील, तर फाईल आहे तशी पाठवा. मी तिला हात लावणार नाही, शपथ.

पुन्हा ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. फाईल नको म्हणाली. तुमच्या क्रांतीनं तिला चोरून फोन केला होता (पोरीवर रागावू नका). तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि डॉक्टर पाय सरळ करून देणार आहेत, असं तिच्याकडून कळलं. आईचा निरोप जसाच्या तसा देतो. "भावजी, तुमी बी तसाच पाय वढत चालतासा. आपरेशनच्या आदी एकदा या. बोलायचं नसंल तर बोलू नगा. फाटकापास्नं सोप्यापतूर तेवढं चालून जावा."