वाट दिलीस त्याबद्दल

प्रिय लिफ्टवाले,

हे वाचून हसशील की कपाळाला आठ्या घालशील, ठाऊक नाही. तुझ्या आईंसमोर मी तुला ‘अहो’ म्हणायचे, गाडीचं दार लागलं की ‘अरे’, आणि भांडण पेटलं की ‘लिफ्टवाले, जरा ऐकता का’. घटस्फोटाला पाच वर्षं झाल्यावर यातलं कुठलं माझ्याकडे उरलंय, याचा विचार करण्यात दोन कागद फुकट गेले. शेवटी म्हटलं, भांडणातलंच बरं.

आधी बातमी सांगते. मी गाडी शिकले. हो, मीच. बावन्नाव्या वर्षी. झालं असं की, आमची दातांची लॅब हायवेच्या पलीकडे गेली. बस जाते तिकडे, पण दोन बदलाव्या लागतात, आणि एका डॉक्टरांच्या कवळ्या मी मांडीवर डबा घेऊन पोचवत होते तेव्हा बसने असा काही गचका दिला की वरचे दात अख्ख्या बसभर घरंगळत गेले. समोरच्या बाईंनी ते उचलून अगदी अदबीनं माझ्या हातात ठेवले. म्हणाल्या, “ताई, तुमचे पडले.” त्या संध्याकाळीच मी शिकवणीला नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. आवाज असा की हॉर्नची गरज नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ताई, गाडी हातानं नाही, मानेनं चालवायची. बघा, बघा आणि पुन्हा बघा.” परीक्षेत दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा सर्कलमध्ये. पहिल्यांदा आत शिरायचं धाडस होईना, म्हणून परीक्षक साहेब घड्याळ बघत बसले. दुसऱ्यांदा शिरले, पण बाहेर पडता येईना. चार फेऱ्या झाल्यावर साहेब म्हणाले, “मॅडम, मला घरी जायचंय.” तिसऱ्यांदा पास झाले. पण मागच्या काचेवरचं शिकाऊचं लाल अक्षर अजून काढलेलं नाही. लोक जरा लांब राहतात.

लांब राहतात म्हणजे, सर्कलमध्ये. हायवेला शिरताना कसलं अक्षर आणि कसलं काय! इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून तुझी बडबड ऐकली, आणि मनात म्हणत आले की एवढं काय चिडायचं त्यात. आता कळतं. आपण इंडिकेटर दिला की मागच्याला वाटतं आपण त्याला आव्हान दिलंय. मघापर्यंत रमतगमत येणारा माणूस अचानक पेटून उठतो आणि पुढ्यातली फट बुजवून टाकतो. जोडरस्ता संपत आलेला असतो, पुढे कठडा दिसत असतो, आणि मागून हॉर्न वाजवणारा अशा थाटात वाजवतो की जणू मी तिथे हवा खायला थांबलेय. सर्कलमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. एक जण उजवीकडचा दिवा लावून डावीकडे वळतो. एक जण अगदी आतल्या कडेला चिकटून फिरतो आणि त्याचा रस्ता आला की सगळ्यांना आडवा जातो. परवा तर एकाने सर्कलच्या मधोमध गाडी उभी करून फोनवर बायकोला विचारलं, कुठला रस्ता घेऊ. मला राग यायला हवा होता. मला ती बायको आठवत राहिली, घरात बसून डोळ्यांपुढे रस्ता आणणारी.

तू मात्र कुणाला विचारायचा नाहीस आणि कुणाला शिरूही द्यायचा नाहीस. लिफ्ट दुरुस्त करताना मशीनच्या खोलीत एक तार शोधायला चार तास उकिडवा बसणारा माणूस, रस्त्यावर चार सेकंद थांबायला तयार नसे. “आज याला सोडलं तर उद्या सगळे घुसतील,” हे तुझं ठरलेलं. मी पायाखाली नसलेला ब्रेक दाबत बसायचे. तरी खरं सांगू? तुला कधी सांगितलं नाही, पण त्या गाडीतले तास मला आवडायचे. घरात तू तुझ्या कामात, मी माझ्या प्लॅस्टरच्या धुळीत. गाडीत तू हाताच्या अंतरावर असायचास आणि उठून कुठे जाऊ शकायचा नाहीस.

आता त्या दिवसाबद्दल लिहायलाच हवं. माझे बाबा होते त्या हॉस्पिटलमधून फोन आला, “लवकर या.” आपण सव्वाचारला निघालो. सर्कलमध्ये ती पांढरी व्हॅन आतल्या कडेने येऊन आपल्याला आडवी गेली. तू करकचून ब्रेक मारलास, तिच्या मागे अर्धी फेरी घेतलीस, तिला पुढे जाऊन अडवलंस आणि खाली उतरलास. मी काच खाली करून ओरडत होते, “अरे चल, बाबा वाट बघतायत.” तू व्हॅनच्या बोनेटवर हात आपटत होतास. गाडीतल्या घड्याळात मी अकरा मिनिटं मोजली. आपण पोचलो तेव्हा नर्स बाबांच्या अंगावरची चादर नीट करत होती. कॉरिडॉरमध्ये मी तुला म्हणाले, “तुझ्या त्या अकरा मिनिटांनी माझे बाबा नेले.” त्यानंतर वर्षभर आपण एका घरात राहिलो, पण तू फार बोललाच नाहीस. मग मी निघून आले.

गेल्या मंगळवारी सकाळी मी जोडरस्त्याच्या टोकाला अडकले होते. जे कधीच करू नये तेच केलं होतं, गाडी पूर्ण थांबवली होती. बाजूने ट्रकमागून ट्रक. माझे हात घामाने स्टिअरिंगवरून निसटत होते. तेवढ्यात एक राखाडी गाडी हळू झाली. तिच्या मागच्या ट्रकने बोंब मारली, तरी ती हळूच राहिली, आणि आतल्या माणसाने स्टिअरिंगवरून हात उचलून मला खूण केली, या. मी शिरले. आभार मानायला आरशात पाहिलं. मागच्या गाडीत तू होतास.

तू मला ओळखलं नाहीस. कसा ओळखशील? मी आणि स्टिअरिंग, हे चित्र तुझ्या डोक्यात नाहीच. जरा वेळाने तू बाजूने पुढे निघून गेलास तेव्हा नीट पाहिलं. मानेवरचे केस पूर्ण पांढरे झालेत. शेजारच्या सीटवर तुझी हत्यारांची पेटी होती आणि तिला पट्टा लावला होता. माझा फाटा आला, गेला, मी तुझ्या मागेच राहिले. पुढे सर्कलपाशी तू थांबलास. एक गाडी आडवी घुसली, तू थांबलास. दुसरी घुसली, तिचा हक्क नव्हता, तरी थांबलास. शाळेची एक बस तर सरळ दादागिरी करून शिरली. मी मनात म्हटलं, आता दार उघडणार. तू नुसतं मान वळवून बघितलंस आणि ती गेल्यावर शांतपणे तिसऱ्या रस्त्याने निघून गेलास. मी तिथेच फिरत राहिले. किती फेऱ्या मारल्या, मोजल्या नाहीत. लॅबमध्ये उशिरा पोचले, आणि दिवसभरात एकही दात सरळ बसवता आला नाही.

कारण मला तुझं ते थांबणं ओळखता आलं. तू त्या अकरा मिनिटांची भरपाई करतोयस. रोज, प्रत्येक अनोळखी गाडीला वाट देऊन. आणि ती भरपाई करायची तुला कधीच गरज नव्हती. बाबा गेल्यावर महिन्याभराने हॉस्पिटलचे कागद आले, तेव्हा तू कामावर होतास. त्यात वेळ लिहिली होती, चार वाजून पाच मिनिटं. आपण घरातून निघालो त्याच्याही दहा मिनिटं आधी. फोनवर तसं सांगत नाहीत, म्हणून ते फक्त ‘लवकर या’ म्हणाले होते. मी तो कागद माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि तुला दाखवला नाही. तुला आठवतं का, त्या दिवशी सकाळी तू म्हणाला होतास, “चल, आत्ताच जाऊन येऊ बाबांकडे”? मी म्हणाले होते, दोन कवळ्यांना पॉलिश करून द्यायचंय, दुपारी जाऊ. दुपारचे चार मी वाजवले होते, तू नाही. पण तू निमूटपणे दोष घेऊन बसला होतास, आणि तो तुझ्याकडून परत घेतला असता तर माझ्या पदरात आला असता. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. त्यापेक्षा तुला सोडून येणं सोपं गेलं मला. हे सहा वर्षं गिळून बसले. माफ कर, असं लिहून तीनदा खोडलं, इतक्या मोठ्या गोष्टीला तो शब्द फार लहान पडतो. त्या कागदाची प्रत सोबत ठेवली आहे. तुझ्या डोळ्यांनी वेळ बघ.

आता पत्र टाकायचं कारण. हे सगळं मी मनातल्या मनात आणखी सहा वर्षं ठेवलंही असतं, मला सवय आहे. पण तुझ्या गाडीचा मागचा डावा ब्रेकलाइट बंद आहे. सर्कलपाशी तू जितक्यांदा ब्रेक दाबलास, तितक्यांदा फक्त उजवा पेटला. तू इतका थांबतोस, आणि मागच्याला ते धड कळत नाही. हा दिवा चालवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही रे. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा असतो आणि दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडून सांगायचं असतं, पेटला म्हणून. तुझ्या मागे उभं राहणारं कुणी असेल तर उत्तमच, त्यांना सांग, आणि माझं पत्र फाडून टाक. पण त्या सीटवर पेटी होती, म्हणून विचारते. रविवारी सकाळी मी मोकळी असते. बल्ब मी आणला आहे. गाडी चालवत मीच येईन, तू फक्त आत बसून ब्रेक दाब.

तुझीच
(हा शब्द खोडणार होते. राहू दे.)