बाहेरगावचे सामने

९ फेब्रुवारी, सोमवार

मी बोलते, फोन लिहितो. म्हटलं की वाचूनही दाखवतो. शिवाय मध्येच जांभई देत नाही – नातीपेक्षा बरा.

काल बीबर हरले. बीबर म्हणजे आमची ड्रेस्डेनची आइस हॉकीची टीम. मध्यंतरात क्लबची बाई आली. क्लबला तीस वर्षं होतायत, जुन्या प्रेक्षकांनी स्टेजवर आठवणी सांगायच्या. "फ्राउ भागवत, तुम्हाला सगळे सीझन पाठ आहेत म्हणे!" जा, गेनाऊ – हो, अगदी – म्हटलं. माझं जर्मन तिथेच संपतं. दुभाषी माझी नात, ईप्सिता.

१२ फेब्रुवारी

उजळणी केली. पहिला सीझन – मुलाला, शिरीषला, इथे कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात नोकरी, आम्ही दोघं त्याच्यामागे. दांडकी घेऊन भांडणारे ते धटिंगण बघून मी ह्यांना विचारलं, ह्या पोरांच्या आया कुठे आहेत? चौथा – ईप्सिताचं बारसं आणि टीमची वरच्या लीगमध्ये बढती, एकाच आठवड्यात. सातवा – एकाचा दात उडून आमच्यासमोरच्या काचेवर आपटला. हे म्हणाले, मोजून ठेव.

घरचे सामने मी डोळ्यांनी पाहिले. बाहेरगावचे ह्यांच्या तोंडून. सोमवारी चहा, पेपर, नाकावर चष्मा. साठी उलटल्यावर क्लासला जाऊन जर्मन शिकले होते ना! उभं राहून वाचायचे – शेवटच्या मिनिटाला गोल! बाहेरगावी आमची टीम वाघ.

हे गेल्याला तीन वर्षं झाली. पेपर अजून येतो.

१६ फेब्रुवारी

ईप्सितानं जुने निकाल कॉम्प्युटरवर काढले. मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "आजी, श्टिम्ट निश्ट." म्हणजे खरं नाही. आजोबांनी जिंकवलेल्या सामन्यांतले निम्म्याहून जास्त हरलेले. एक तर नऊ-एक!

शिरीष म्हणतो, बाबांचं काही सांगू नकोस, लोक हसतील. सून म्हणते, अहो आई, फक्त घरचे सामने सांगा ना. म्हणजे चार लोकांत ह्यांना खोटं पाडायचं, नाहीतर ह्यांना वगळायचं.

२१ फेब्रुवारी

ह्यांना वगळून माझ्याकडे उरतं काय? काचेवरचा दात.

१ मार्च

बोलले! खरा निकाल ईप्सितानं वाचायचा, मग ह्यांचा मी सांगायचा. लोक हसले. शिरीष जमिनीकडे बघत बसला. नऊ-एक आलं तेव्हा मागून एक टकलू उठला – त्या दिवशीचा गोलकीपर. म्हणाला, "फ्राउ भागवत, मला तुमच्या नवऱ्याच्या टीममधून खेळायला हवं होतं." मग कोणी हसेना. शिरीष डोळे पुसत होता.

२ मार्च

ईप्सिता विचारते, आजोबांनी असं का केलं? सांगितलं तिला – पहिल्या हिवाळ्यात मी रोज परत जायची बॅग भरायचे. टीम जिंकली की त्या दिवशी भरायची राहायची.

एक नाही सांगितलं. मला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात – ट्रामचे, भाजीच्या भावाचे. आणि खालच्या टपालपेटीतून पेपर रोज मीच वर आणायचे. बाहेरगावच्या सामन्यात आपला आकडा मागचा, एवढं कळायचं. नऊ-एक मी जिन्यातच पाहिलं होतं.

वर येऊन चहा ठेवला, म्हटलं, "अहो, वाचा बघू, कसे जिंकलो ते."