दाढेपायी डोळा

ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. जिवाला धोका नाही, हे आधी वाच.

माझा डावा डोळा गेला. दाढेपायी, ताई! वरची दाढ महिनाभर ठणकत होती आणि मी दाढेखाली लवंग धरून कपडे शिवत राहिलो. आधी गाल सुजला, मग डोळा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड उघडा." मला वाटलं, बाई चुकल्या. पण दाढेतला पू डोळ्यामागे चढला होता. ऑपरेशन झालं, पण नजर परतली नाही.

काल सुईत दोरा ओवायला गेलो, तर तो नेढ्याच्या बाजूने हवेतच जात राहिला.

आईची दाढ अजून दुखते का? तिला आजच डॉक्टरकडे ने. का, ते मात्र सांगू नकोस. लवंग तिनेच सुचवली होती.

तुझा,
धाकटा