ओठावरची माशी

३ मार्च
उगवला! तोच मेला तीळ, त्याच जागी, वरच्या ओठावर. मागच्या जूनमध्ये टाके घालून काढला होता. तेव्हा गोल होता. आता कडेला काजळ फिसकटल्यासारखा पसरलाय.

४ मार्च
नणंद आलीच. चपलाही काढल्या नाहीत, तोच सगळ्यांसमोर — “माशी परत बसली का गं? दाखवून ये.” जिभेला हाड नाही! मी स्वयंपाकघरात निघून गेले. ती जाईपर्यंत भांडी घासत बसले, घासलेलीच.

११ मार्च
तिचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. नाही उचलला! आठ महिने एकच धोशा, “दाखवून ये.” तीळ नव्हता तेव्हा व्रण दाखवायला सांगायची.

१२ मार्च
लिहूनच टाकते. तीळ काढला तेव्हा तो तपासणीसाठी बाटलीतून मीच आमच्या लॅबमध्ये आणला. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढून काचेवर चढवायचे, हे माझं काम. बाटलीवर माझं नाव घातलं असतं तर दुपारच्या डब्याला तोंडी लावायला मीच झाले असते. म्हणून नणंदेचं घातलं. तेवढाच सूड! माझा काप मीच काढला. रिपोर्ट मात्र घेतला नाही.
तीळच तो, काय बघायचं — असं म्हणत राहिले. खरं म्हणजे भ्यायले.

१९ मार्च
डॉक्टर म्हणाले, “परत आलेला तीळ साधा असला तरी भिंगाखाली वाईट दिसतो. जुनी काच, जुना रिपोर्ट आणा. त्याशिवाय मी काही सांगणार नाही.” आता आली का पंचाईत!

२० मार्च
काच मिळाली. रिपोर्ट नाही. लॅबच्या रिपोर्ट-खिडकीवरचे काका म्हणाले, “तो केव्हाच गेला. तुझी नणंद साखरेचा रिपोर्ट न्यायला आली होती. दोन्ही तिच्याच नावाचे, दिले दोन्ही.” वहीत तिची सही. जुलैची.
म्हणजे सटवीला सगळं ठाऊक! आठ महिने मजा बघत बसली. संध्याकाळी जाऊन चांगली झाडते.

२१ मार्च
काल झाडायला गेले. तिनं पर्समधून पाकीट काढलं, घड्यांवर फाटत आलेलं. आत रिपोर्ट: ‘वरच्या ओठावरचा तीळ. संशयास्पद. कडेपर्यंत पोचलेला. पुन्हा खोलवर काढावा.’
“ताई, सांगितलं का नाही?”
“तू तिथलीच. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू टाळतेस. माझं नाव घातलंस, म्हणजे घरात कळू द्यायचं नसेल. मग चारचौघांत रिपोर्टचं कसं बोलू? एकटी सापडतेस कुठे? मी आले की पळतेस. फोन उचलत नाहीस.”
आठ महिने मीच घालवले.

२३ मार्च
डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. उद्या नऊला ऑपरेशन. फार भीती वाटते. अर्जावर ‘सोबत कोण’ होतं, तिथं तिचं नाव लिहिलं. ती शेजारून वाचत होती.
“आत्ता कुठे खरं लिहिलंस,” म्हणाली.