काळं काळंच आलं पाहिजे

सोम., २ फेब्रु.
आज दुपारी फोटो स्टुडिओच्या मालकानं, भाऊंनी, मोठा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि त्या घडीपासून सगळं बदललं. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, मेंढरंवाल्या आबांचा रिकामटेकडा पोरगा, हे संपलं. फोटोग्राफर झालो.
पाच मिनिटं टिकलं. वरचं गोल चाक फिरवून पाहत होतो तर भाऊ खेकसले, "चाकाला हात लावू नको. ऑटोवर ठेव न् बटण दाब. बाकी कॅमेऱ्याला कळते."
मग मला काहून ठेवलं? खांबाला बांधा कॅमेरा.

गुरु., ५ फेब्रु.
उद्या सकाळी बाजूच्या गावात बारसं, म्हणून कॅमेरा घरी न्यायला मिळाला. संध्याकाळी आमच्या काळ्या शेळीचा जवळून फोटो काढला. कोळशासारखी शेळी, स्क्रीनवर राखेसारखी आली. पांढरी मेंढी काढली तर मळकट. पुन्हा काढले. तेच. डोकं फिरलं. आबांना दाखवलं.
"ही कोणाची शेळी?"
"आपलीच."
"आपली काळी हाय. ह्याचे डोळे फुटले का?"
आबांनी एवढं म्हणून बिडी पेटवली. मला मात्र जेवण गेलं नाही. एवढा महागाचा कॅमेरा न् शेळी ओळखत न्हाई.

शुक्र., ६ फेब्रु.
कळलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून कळलं, भाऊंकडून न्हाई. कॅमेरा जे दिसेल ते मधल्या रंगाचं धरून चालतो. समोर सगळं काळं असलं की त्याला वाटतं अंधार आहे, उजळ करून टाकतो. पांढरं असलं की दाबून मळकट करतो. आपण त्याला सांगायचं असतं. चाक ऑटोवरून काढायचं, अधिक-उणेचं बटण दाबायचं, काळ्याला उणेकडे न्यायचं.
बारशाला निघायच्या आधी तसं करून पाहिलं. शेळी काळी आली. अशी काळी की पाठीवर ऊन पडलेला केस न् केस मोजावा.
भाऊंना दाखवला. "काळी शेळी काळी आली. त्यात काय शिकला?"
ह्या माणसाला काय सांगायचं.

मंगळ., १०
शीतल आली. स्टुडिओत.
कॉलेजात दोन वर्षं जिच्या वेणीकडं पाहत तास काढले ती. सर वर्गात म्हणाले होते, "मेंढरांचा वास कोण घेऊन आलं?" सगळे हसले, ती न्हाई हसली. मी दार आपटून निघालो तो निघालोच. नंतर तिला आजच पाहिलं.
सोबत मामा. "बायोडाट्याला फोटो पाहिजे पोरीचा."
म्हणजे मी काढायचा न् दुसऱ्या कोणी पसंत करायचा. व्वा.
भाऊ तिच्या तोंडाकडं बघत मामाला म्हणाले, "रंग जरा उजळ करून देतो, मागच्यासारखा." मामा म्हणाला, "बराबर." भिंतीला चुना मारायचं ठरवावं तसे दोघं बोलून राहिले आणि भिंत तिथंच उभी. मी लाईटचं स्टँड सरकवत राहिलो. मी पण काय कामाचा.
तेवढ्यात लाईट गेली. उद्या या म्हणाले.

बुध., ११
भाऊ साखरपुड्याच्या ऑर्डरला गेले होते. मी घरून आबांची घोंगडी आणली. स्टुडिओतला तो धबधब्याचा पडदा काढून घोंगडी टांगली, मोठे लाईट बंद केले, मागचं दार उघडलं. उजेड एका बाजूनं आला.
मामाला फोन आला, तो बाहेर गेला. मग ती बोलली.
"मेंढराचा वास येऊन राहिला रे."
"काढू का घोंगडी?"
"राहू दे. फोटोत थोडाच येते."
मग म्हणाली, "मागच्या खेपेला पाहुणे आले. त्यांनी फोटो पाह्यला, मला पाह्यलं, परत फोटो पाह्यला. चहा तसाच ठेवून उठले. ह्या खेपेला माझाच काढ."
उणेकडे नेलं. पहिले दोन हलले. तिसरा. ती काळी आहे, काळीच आली, आणि मी इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं. तिनं स्क्रीन जवळ ओढून पाहिली. "ही मी हाय," एवढंच.
शेळीवर शिकलो हे सांगितलं न्हाई. चप्पल काढली असती.
दुसरंही सांगायचं राहिलं. मामा आत आला.

शुक्र., १३
भाऊंनी माझ्या फोटोला चुना मारला. कॉम्प्युटरवर बसून गाल पांढरे केले, घोंगडी पुसून मागं गुलाबाचा बगिचा लावला. मी म्हणालो, तिनं सांगितलंय असाच पाहिजे.
"गिऱ्हाईक ती न्हाई, तिचा मामा हाय."
"तोंड तर तिचं हाय ना भाऊ."
"तोंडं पाहत बसलो असतो तर हे दुकान चाललं असतं का?"
मध्यस्थ परवा दुपारी मामाकडं येणार, फोटो घेऊन पुढं मुलाकडं जाणार.

शनि., १४
बगिच्यावाला फोटो गेला तर पाहुणे येतील, पाहतील, उठतील. लग्न मोडेल. शीतल इथंच राहील. मला तेच तर पाहिजे.
हे लिहिलं न् स्वतःचीच शिसारी आली. तिच्यापुढं परत चहा थंड होणार आणि मी खूश होणार. त्या सरांत न् माझ्यात फरक काय राहिला.
आणि खरा फोटो गेला न् त्या मुलानं पसंत केली तर? करणारच. फोटो चांगला आलाय. सालं, मीच चांगला काढलाय.

रवि., १५
स्टँडवर बसून लिहितोय. तिच्या न् मामाच्या गावची गाडी यायची आहे.
सकाळी भाऊ यायच्या आधी तिसऱ्या फोटोची प्रिंट काढली. भाऊ आले, बगिच्याचं पाकीट पुढं केलं. "मामाकडं देऊन ये."
म्हणालो, "हे मी न्हाई देणार. मी तिचा तिला देतो. मग कोणता द्यायचा ते ती पाहील."
भाऊ आधी हसले. "जीव जडला का रे पोरा?"
"व्हय."
असं तोंडावर कधी कोणाला बोललो नव्हतो. बोललो ते भाऊंना. जिला सांगायचं तिला अजून न्हाई.
भाऊंचं हसू गेलं. "गेला तर परत येऊ नको. कॅमेरा पण शिवायचा न्हाई मग."
गळ्यातला पट्टा काढला. चाक त्यांच्या ऑटोवर ठेवून दिलं, कॅमेरा काउंटरवर. घोंगडी घडी करून खांद्यावर टाकली, प्रिंट दोन पुठ्ठ्यांच्या मधी.
कॉलेजचं दार आपटलं होतं. ह्या दाराला काच आहे. बाहेर आलो, वळलो, हळू ओढून लावलं.